पाच नंबरच्या खोलीतले ढवळे सर

रोज अनोळखी माणसांना त्यांच्या अंथरुणातल्या गोष्टी विचारायच्या, हे माझं पगारी काम होतं. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्रावर मी समुपदेशक होते. हा शब्द आमच्या शिपायाला शेवटपर्यंत धड म्हणता आला नाही. तो पेशंटला सांगायचा, "त्या बोलनाऱ्या बाईकडं जा." मला तेच नाव जास्त पटायचं. रक्त काढायचं ते तंत्रज्ञाने, औषधं लिहायची ती डॉक्टरांनी. माझ्या हातात फक्त बोलणं होतं, आणि त्याहून अवघड म्हणजे न बोलणं.

काम बाहेरून वाटतं तेवढं गूढ नाही. माणूस आला की तपासणी कशाची आणि का, हे आधी सांगायचं. त्याची तयारी असेल तर रक्त घ्यायचं. रक्तात काही दिसलं तर वेगळ्या किटवर पुन्हा पाहायचं आणि खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. निकाल सांगायचा तो फक्त त्याच माणसाला. बाप, भाऊ, सरपंच, कुणीही विचारायला आलं तरी आमचं उत्तर ठरलेलं, "त्यांनाच विचारा." नोकरी लागली तेव्हा मला वाटायचं, निकाल वाईट निघाला की माणूस विचारेल, मी किती दिवसांचा सोबती? तसं विचारणारे थोडे. बहुतेकांचा पहिला प्रश्न असायचा, "घरी कळंल का?"

दिवाळी अंकासाठी नोकरीचे अनुभव लिहा, असा फोन आला तेव्हा म्हणूनच आधी नाही म्हटलं. जे ऐकलं ते पोटात ठेवण्याचाच मला पगार मिळत होता. मग ढवळे सरांची आठवण झाली आणि वाटलं, या माणसावर तरी लिहायला हवं. त्यांच्या घरी विचारलं, होकार आला. इतर जी माणसं यात आहेत त्यांनाही विचारलं आहे आणि त्यांची नावं बदलली आहेत.

आमची खोली रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, ड्रेसिंग रूमच्या पलीकडे. दारावर पाचचा आकडा रंगवलेला. कुणाला संकोच वाटू नये म्हणून पाटी मुद्दाम लावली नव्हती. झालं उलटंच. 'पाच नंबर' ही तालुक्यात शिवी होऊन बसली. कुणी जरा वाळलेला दिसला की पारावरची माणसं म्हणायची, "पाच नंबरला जाऊन आला वाटतं." त्यामुळे लोक समोरच्या दाराने यायचेच नाहीत. जनरेटरच्या बोळातून, तोंडाला उपरणं गुंडाळून यायचे.

ढवळे सर पहिल्यांदा आले ते समोरच्या दाराने, भर ओपीडीतून, सगळ्यांना नमस्कार करत. काष्टीजवळच्या एका गावात हायस्कूलला ते विज्ञान शिकवायचे. मूळचे नगर शहरातले, कारकून बापाचे चिरंजीव. वय चाळिशीचं, इस्त्रीचा शर्ट, बाहीला खडूची पूड, बोलणं इतकं स्वच्छ की शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू जावं. त्यांच्यामागे पदर घट्ट लपेटून एक गरोदर मुलगी उभी होती. सुनीता. दहावीपर्यंत सरांकडे शिकलेली, मग लग्न झालेली. नवरा कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर.

"ही माझी विद्यार्थिनी," सर म्हणाले. "गरोदरपणाच्या तपासणीत हिला तुमच्याकडे यायला सांगितलंय. ती वर्गात घाबरायची नाही, आज घाबरली आहे. मी बाहेर बसतो."

निकाल वाईट निघाला. मी सुनीताला सगळं सांगितलं, रोजची गोळी, बाळाला कसं वाचवता येतं, नवऱ्याचीही तपासणी. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. शेवटी म्हणाली, "बाई, सासूला सांगावंच लागंल. रोज गोळी खाल्ली तर ती इचारनारच. पन मी एकटी न्हाई सांगू शकत. सर आसले तर सांगंन."

दोन दिवसांनी सासू आली, सरही आले. धिप्पाड बाई, घरची बागायत, गावात शब्दाला वजन. सुनीताने मान खाली घालून सांगून टाकलं. सासू बराच वेळ खुर्चीच्या दांड्यावर हात घासत राहिली. मग म्हणाली, "सर, आमच्या घरात आसलं कदी न्हवतं. हिला हिच्या आईकडं घालवते. काय व्हायचं ते तिकडं हू द्या."

मी बोलायला तोंड उघडलं. सरांनी हातानेच थांबवलं.

"मावशी," ते म्हणाले, "हा आजार घरात कुणी आणला, हे तुम्हाला शोधायचंय का? शोधायचं असेल तर शोधू. पण शोध तुमच्याच दारातनं सुरू होईल. ट्रक कोण चालवतं?"

सासूचं तोंड उतरलं. बाई हुशार होती, तिला आधीच कळलेलं होतं. सर आवाज खाली आणून म्हणाले, "तो शोध नकोच. पोटात तुमचं नातवंड आहे, त्याचं बघू. ह्या बाई सांगतात तसं केलं तर ते चांगलं धडधाकट होईल."

सासूने डोळ्याला पदर लावला आणि मला विचारलं, "गोळी कडू आस्ती का?"

माझ्या नोकरीत मला मिळालेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. पुढे त्याच बाईने सुनेची गोळी कधी चुकू दिली नाही. गोळीची वेळ तिच्या टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळेला बांधलेली होती, त्यामुळे चुकणं शक्यच नव्हतं. सुनीताच्या नवऱ्याला मी स्वतः गाठलं आणि त्याचीही तपासणी, औषधं सुरू झाली. बाळ दीड वर्षाचं झाल्यावर शेवटची तपासणी करतात, तेव्हा निकाल चांगला आला. आजीने पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि कुणी विचारू नये म्हणून बाहेर सांगितलं, "नातवाला दात आलं."

त्यानंतर सर येतच राहिले. शाळा सुटली की स्कूटरवर. कधी कुणाला घेऊन, कधी नुसतेच चहाला. एक दिवस त्यांनी ठाण मांडलं. "ताई, तुमच्या खोलीचं दुखणं कळलं मला. इथे फक्त संशयितच येतात. इथे सगळ्यांनी यायला हवं. मग कोण कशाला आलाय, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

मी म्हटलं, "सर, सगळे कशाला येतील?"

"येतील. पहिल्यांदा मुख्याध्यापक येतील."

आणि खरंच आले. सरांनी शाळेच्या अख्ख्या स्टाफची तपासणी ठरवली, शुगर, हिमोग्लोबिन, ज्यांना हवी त्यांची एचआयव्ही. आमच्या वैद्यकीय अधीक्षकांना गाठून सगळं पाच नंबरलाच करायची परवानगी काढली. मुख्याध्यापक पन्नाशीचे, कपाळाला गंध, बाकावर असे बसले होते की जणू फोटो काढायचाय. जाणारे-येणारे बघत होते. सर मोठ्याने म्हणाले, "साहेब, बाही वर करा." पुढच्या महिन्यात सोसायटीचे चेअरमन आले, मग भजनी मंडळ आलं. वर्षभरात पाच नंबरची भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण जनरेटरच्या बोळातली वर्दळ कमी झाली. माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्या परिपत्रकाने एवढं काम केलं नव्हतं.

शाळेच्या तपासणीच्या दिवशीच सरांनी मला स्वतःबद्दल सांगितलं. स्टाफ आटोपल्यावर ते स्वतः खुर्चीवर बसले. "मी इतक्या लोकांना पाठवतो. ही खुर्ची कशी लागते ते मला कळायला हवं."

आमचे प्रश्न सगळ्यांना सारखेच असतात. कलेक्टर आला तरी तेच विचारायचे. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "लैंगिक संबंध आहेत का? कुणाशी? स्त्रियांशी, पुरुषांशी, की दोघांशी?"

"पुरुषाशी," सर म्हणाले. "एकाच. पंधरा वर्षं झाली असतील."

मी पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. मग तेच हसले. "ताई, तुम्ही दचकला नाहीत."

"सर, दचकायची सवय मोडल्याशिवाय ही खुर्ची मिळत नाही."

चहा आला. ते म्हणाले, "मी समलिंगी आहे. मराठीत सांगायला शब्द जरा अवजड आहे, पण दुसरा बरा मिळाला नाही. प्रजननाचा धडा सगळे शिक्षक 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात. मी कधी सोडला नाही. माझ्या घरचा धडा तेवढा घरीच राहिला."

घरी म्हणजे नगरजवळ नागापूरला, जोडीदाराकडे. एमआयडीसीत बबनरावांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक तिथे आणायचे, ते तांब्याची तार पुन्हा गुंडाळून द्यायचे. सर आठवडाभर गावात खोली करून राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की नागापूर गाठायचे. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. बबनराव बुटके, अबोल, हाताला सदा वॉर्निशचा वास. सर बोलत राहायचे आणि ते भाकरी थापत राहायचे. सरांना भाकरी यायची नाही. "विज्ञानाचा पदवीधर आहे, पण पिठाला पाणी किती, हे अजून कळलेलं नाही," बबनराव म्हणाले. मी तिथे असताना ते बोललेलं तेवढंच मोठं वाक्य. सरांचा चेहरा असा उजळला, जणू पुरस्कार मिळाला.

काष्टीच्या बाजारात सर टेबल लावायचे, शेळ्यांच्या बाजाराला लागून. मीही असायची. क्षयाची माहिती, गुप्तरोगांची माहिती, निरोधचं प्रात्यक्षिक. एकदा एका पागोटेवाल्या आबांनी गर्दीतून विचारलं, "मास्तर, तुमचं लगीन झालं न्हाई म्हनं. मंग तुमाला ह्यातलं काय कळतंय?"

गर्दी फिदीफिदी हसली. सर शांतपणे म्हणाले, "आबा, मी मंगळावर तरी कुठं गेलोय? पण पोरांना मंगळ शिकवतोच की."

आबांनाच हसू आवरेना. जाताना निरोधचं पुडकं घेऊन गेले. नातवासाठी, म्हणाले.

ज्या प्रसंगाने सरांची शाळा सुटली तो आता सांगते. सुप्याच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण माझ्याकडे आला होता. त्याला महेश म्हणू. निकाल वाईट होता. औषधं सुरू करायला तो तयार झाला, पण घरच्यांनी सोयरीक जमवली होती आणि तो मोडायला तयार नव्हता. मी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "मॅडम, मला बायकांचं कदी काय वाटलंच न्हाई. आन तसं सांगितलं तर बाप जीव घेईल. लगीन झालं तर नीट हुईन, आसं मित्र म्हनतो."

कायद्याने मला त्याच्या घरी काही सांगता येत नव्हतं. त्याला समजावणं एवढंच हातात. मी त्याला विचारलं, तुझ्यासारख्याच एका मोठ्या माणसाशी बोलशील का? आणि सरांना विचारलं, तुम्ही बोलाल का? दोघंही हो म्हणाले.

रुग्णालयासमोरच्या रसवंतीत ते दोघे बराच वेळ बसले. आजाराचंही महेशने तिथे स्वतःच सरांना सांगितलं. महेश परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. मी विचारलं, काय म्हणाले सर?

"काय न्हाई. शाळेचं सांगत हुते. घरी मोटार जळली त्याचं सांगत हुते." त्याने ओठाला लागलेला रस पुसला. "मॅडम, आपल्यासारखा मानूस म्हातारा पन हुतो, चष्मा लावतो, डबा घेऊन कामाला जातो, हे मला ठावंच न्हवतं."

त्याच आठवड्यात त्याने सोयरीक मोडली. बापाला आजाराचं सांगितलं नाही, पण मला लग्नच करायचं नाही आणि का नाही, एवढं सांगितलं. बापाने त्याला धोपटलं. मग कुणाशी बोलत होतास ते वदवून घेतलं आणि तडक सरांच्या शाळेत गेला.

शाळेच्या संस्थेने सभा लावली. महेशची आणि सरांची गाठ रुग्णालयात पडली असं निघालं म्हणून मलाही बोलावलं होतं. हॉलमध्ये संचालक, काही पालक, मुख्याध्यापक. महेशचा बाप उभा राहून ओरडत होता, "ह्या मास्तराने माझ्या पोराचं डोकं फिरवलं. मोडलेली सोयरीक परत जुळती व्हय? गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. आसल्या मानसाच्या हाताखाली तुमी पोरं ठिवता?"

अध्यक्षांनी सरांना विचारलं, "खरं आहे का हे? तुम्ही तसले आहात?"

"मी समलिंगी आहे," सर म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात. "इतकी वर्षं मी या शाळेत शिकवतो. माझ्याबद्दल एका तरी मुलाची, एका तरी पालकाची तक्रार आहे का, ते विचारा."

मग अध्यक्ष म्हणाले, "तो प्रश्न नाही. यांच्या मुलाला लग्न मोडायला तुम्ही का सांगितलं? तुमचा काय संबंध?"

इथे सरांकडे उत्तर होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं, मुलगा आजारी आहे, ते लग्न झालं असतं तर एका निष्पाप मुलीचं आयुष्य धोक्यात आलं असतं. तेवढं बोलले असते तर सगळी सभा फिरली असती. बापाचंही तोंड बंद झालं असतं. पण महेश कोपऱ्यात उभा होता, भिंतीला पाठ लावून, पांढराफटक. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी त्याला लग्न मोडायला सांगितलं नाही," ते म्हणाले. "त्याने मला विचारलं, त्याला मी माझं आयुष्य सांगितलं. बाकी त्याचं त्याने ठरवलं. याहून जास्त मी सांगणार नाही."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. तुमच्याकडे हा कशाला येत होता?"

मी म्हटलं, "आमच्याकडे कोण कशाला येतं, ते आम्हाला सांगता येत नाही."

"म्हणजे काहीतरी आहे."

"म्हणजे सांगता येत नाही."

आयुष्यात मी एवढी मुकी कधी झाले नव्हते. बोलणारी बाई म्हणून नोकरीला लागले आणि जिथे एका वाक्याने माणूस वाचला असता तिथे गप्प बसले. आजही बसेन. पण ती खंत गेलेली नाही, आणि तिला औषधही नाही.

एक आवाज मात्र मागून आला. सुनीताची सासू. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती थोरल्या लेकाच्या मुलाची पालक म्हणून आली होती. "मास्तर रातच्याला कुनाशेजारी झोपतो हे बघायला जमला व्हय सगळे? दिवसा काय करतो ते ठावं हाय का कुनाला? मला हाय. लई चांगलं ठावं हाय." एवढं बोलून ती खाली बसली. का ठाऊक आहे, ते मात्र तिने सांगितलं नाही. तिलाही ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

तिच्यामुळे एवढंच झालं की सरांना काढून टाकलं नाही. संस्थेची दुसरी शाळा होती, पार पूर्वेला, पाथर्डीच्या पुढे, मराठवाड्याच्या शिवेला. तिथे बदली झाली. मुख्याध्यापक निरोपाला उठले. म्हणाले, "तुमच्यामुळे माझी शुगर कळली, ढवळे." आणि खाली बसले.

सरांनी तिथे जाऊन काय केलं असेल? महिनाभरात फोन. "ताई, इथल्या उपकेंद्रात तपासणीला कुणी फिरकत नाही. मुख्याध्यापकांना बसवतोय पुढच्या आठवड्यात." ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी त्यांनी रक्ताच्या, क्षयाच्या तपासण्या सुरू करून घेतल्या, टोळ्या निघायच्या आधी. नागापूर आणखी लांब पडलं. शनिवारी पोचायला अंधार व्हायचा, पण जायचे.

महेशची औषधं नीट सुरू राहिली. चारेक वर्षांनी त्याने बापाला सगळं सांगितलं. बाप माझ्याकडे आला. टोपी काढून हातात धरली, खुर्चीवर बसला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ती पोरगी, जिची सोयरीक मोडली, तिचं लगीन झालं. दोन लेकरं हाईत. चांगलं चाललंय तिचं." मग टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्या मास्तराला हे तवाच ठावं हुतं?"

मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"मंग बोलला का न्हाई?" त्याने स्वतःलाच विचारलं. "सर कुटं आसत्यात आता?"

मी शाळेचं नाव सांगितलं. तो एसटीने गेला, लिंबांचं पोतं घेऊन. माफी वगैरे काही मागितली नाही. पोतं व्हरांड्यात ठेवलं, "घरची हाईत" म्हणाला आणि परत फिरला. सरांचा फोन आला, "ताई, एवढ्या लिंबांचं करू काय? सगळ्या शाळेला सरबत पाजलं, अजून निम्मं पोतं आहे."

सर गेले ते हृदयविकाराने. हे मुद्दाम लिहिते, कारण ते गेल्यावर कुजबुज वेगळीच झाली. निवृत्त होऊन नुकतेच नागापूरला कायमचे राहायला आले होते. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली. बबनरावांनी दुकानाच्या टेम्पोत घालून नगरला दवाखान्यात नेलं. तिथे विचारलं, पेशंटचे कोण? बबनराव "मित्र" म्हणाले तर दवाखान्यातले म्हणाले, नातेवाईक बोलवा. सरांच्या बहिणीला, विद्याताईंना, फोन केला. त्या शहरातच राहतात, लगेच आल्या. पण तोवर सर गेले होते. विद्याताईंनी मला नंतर सांगितलं, बबनराव जिन्यात बसले होते, हातात सरांचा चष्मा.

दशक्रिया नदीकाठी झाली. भाच्याने विधी केले. कावळा लगेच शिवला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. संस्थेचे संचालक आले होते, बदली करणारेच. मोठ्या मनाने बोलले. "सरांनी समाजासाठी संसार केला नाही. आजन्म अविवाहित राहून त्यांनी स्वतःला वाहून घेतलं." लोक माना डोलवत होते. बबनराव मंडपाच्या शेवटी, पाण्याच्या टाकीपाशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते. संसार केला नाही, हे वाक्य त्यांनीही ऐकलं. तीसेक वर्षं भाकरी थापलेल्या हातांनी ते दोरीचा तुकडा उलगडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

मला उठून बोलावंसं वाटलं. पण ते सांगणं माझं नव्हतं. विद्याताईंनी त्यांना दोनदा पुढे बोलावलं, ते हातानेच नको म्हणाले.

भाषणं संपली आणि दुखवट्याची वेळ झाली. आपल्याकडची रीत वाचकांना माहीत आहे. ज्यांच्या घरात दुःख झालं त्यांना सोयऱ्यांनी टोपी-टॉवेल घालायचा. भावकीने नाही, सोयऱ्यांनी. नवरा गेलेल्या बाईचा माहेरचा भाऊही त्यात आला. विद्याताईंच्या नणंदेकडचे आले, भाच्याच्या सासरचे आले. भाच्याच्या डोक्यावर टोपी, मेहुण्यांच्या खांद्यावर टॉवेल. नावं पुकारली जात होती. टाकीपाशी बसलेल्या माणसाचं नाव कोण पुकारणार?

तेवढ्यात मंडपाबाहेर एक जीप थांबली. पांढरं धोतर नेसलेले, उन्हाने रापलेले एक म्हातारे उतरले, त्यांच्यामागे घरातली दोन-चार माणसं. मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, पण नाक, कपाळ, चालणं सगळं बबनरावांचं होतं. बबनरावांचे थोरले बंधू, एकनाथराव, पारनेरकडचे शेतकरी. बबनराव सरांबरोबर राहायला लागले तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. लग्नकार्याला बोलावलं नाही, आईच्या मातीलासुद्धा बबनरावांना नीट उभं राहू दिलं नव्हतं. हे मला सरांनीच कधीतरी सांगितलं होतं.

एकनाथराव विद्याताईंपुढे आले. हात जोडले. "ताई, उशीर झाला. लई उशीर झाला."

विद्याताई उभ्या राहिल्या. "या. बसा ना."

"बसत न्हाई. आदी रीत करू द्या." त्यांनी मंडपभर नजर फिरवली. पुकारणाऱ्या माणसाने विचारलं, "आपण कुणाकडचे?"

एकनाथराव त्याच्याकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आमी सोयरं. बबनच्या घरात दुःख झालंय. दुखवटा आनलाय."

संचालक खुर्चीत सावरून बसले. एकनाथराव टाकीकडे चालत गेले. बबनराव उठायला लागले, त्यांना उठता येईना. थोरल्या भावाने खांद्याला धरून बसवलं आणि स्वतःच त्यांच्यासमोर चपलांमध्ये उकिडवे बसले. पिशवीतून कोरी टोपी काढली, झटकून तिची घडी मोडली.

"मान खाली कर, बबन्या," ते म्हणाले.